फाटक्या पाकिटातला चिवडा

मोतीबाईशी वाद घालून जिंकेल असा माणूस अंबरनाथच्या त्या फरसाणाच्या कारखान्यात अजून यायचा होता. पॅकिंगला बसणाऱ्या बाईने बांगड्या घालायच्या नाहीत, हा तिथला नियम. पण तिची सून करिष्मा कामाला लागली ती हिरव्या चुड्यासकट. लग्नाला जेमतेम महिना, आणि आगरी घरातली नवी नवरी चुडा उतरवते होय! मोतीबाईने सुपरवायझर वरदला असं काही झापलं, की चुड्यावर फडकं गुंडाळा म्हणून त्याने विषय मिटवला.

मंगळवारी चिवडा भरताना करिष्माचं मनगट टेबलावर आपटलं आणि फडक्याखाली बांगडी फुटली. पोर रडकुंडीला आली. मोतीबाईने तुकडे वेचून पदराआड जुळवले. बांगडी बोटभर कमीच भरत होती. सांगावं तर दोघींची नोकरी जाणार, वर नवरीच्या हातून अपशकुन झाला म्हणून गावभर बोभाटा होणार. "सगळे तुकडे गावले गं," ती म्हणाली आणि सुनेला आठवडाभर घरीच बसवलं. इकडे पाकिटं भरत राहिली.

शुक्रवारी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या दुकानदाराचा फोन आला. चिवड्यात हिरव्या काचेचा एक बारीक तुकडा निघाला होता. मालकाने मंगळवारचा सगळा माल परत मागवला. टेम्पो येत होते आणि मोतीबाई मनातल्या मनात एकवीरेला नवस बोलत होती. शेवटी वरदने हिशोब लावला. दुकानात गेलेलं एकूण एक पाकीट परत आलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या क्रेटवर गेली. सील नीट न बसलेली पाकिटं त्यात टाकायची आणि बायकांनी ती घरी न्यायची, अशी तिथली पद्धत. ती कुठल्याच हिशोबात नसायची. मंगळवारच्या चिवड्याची दोन काल तिनेच नेली होती, नवऱ्यासाठी.

घरी फोन कोणी उचलेना. रिक्षाने ती मांजर्लीला घरी पोचली, तेव्हा तिचा नवरा हरिचंद्र ओट्यावर बसून खोकत होता. शेजारी वाटी चाटूनपुसून साफ. करिष्मा खलबत्ता धूत होती.

"यांना काय दिलंस?"

"तुम्ही आणलेला चिवडा. दात नाहीत ना त्यांना, म्हणून बारीक कुटून दिला." सासूचं तोंड बघून करिष्माचा हात थांबला. "आई, तुकडे सगळे गावले होते ना?"

मोतीबाईने रिकामी वाटी उचलून उजेडात धरली. हरिचंद्रने पंच्याने तोंड पुसलं आणि पंच्यावरच्या लाल डागाकडे बघतच राहिला.