रिकाम्या झोळीचं वजन

ऐका, मी टांगता काटा बोलतोय. कांदेबटाट्यांचा नव्हे हो, पोरांचा. डोक्यावर आकडा, पोटात स्प्रिंग, तोंडाच्या जागी गोल तबकडी आणि खाली कापडाची झोळी. झोळीला दोन भोकं, पाय बाहेर काढायला. त्या दोन भोकांतून जेवढे काटकुळे पाय मी लोंबताना पाहिले, तेवढे पाहायची वेळ तुमच्यावर न येवो.

कारखान्यात जन्मलो, तेव्हा एका बाईनं मला लोखंडी वजनं लावून तपासलं. पाचाला पाच, दहाला दहा. पाठीवर थाप मारून म्हणाली, "जा बाबा, खोटं बोलू नकोस." मी ते मनावर घेतलं. तिथंच माझं चुकलं.

सरकारी खोक्यातून मी बालकेंद्रात आलो. एक खोली, वर पत्रा, भिंतीवर गुबगुबीत हसऱ्या पोराचं चित्र. ते पोर कुठलं कोण जाणे, त्या वस्तीतलं नव्हतं खास. केंद्र सांभाळायला एक ताई. हाताखाली कुणी नाही. पोरांना शिकवायची तीच, नाकं पुसायची तीच, वरून आलेले कागद भरायची तीच.

महिन्याच्या पहिल्या तारखेला वजनं. ताई आधी रिकामी झोळी टांगायची, माझ्या डोक्यावरचा स्क्रू फिरवून सुई बरोब्बर शून्यावर आणायची, मगच पहिलं पोर उचलायची. मग तिच्याकडच्या तक्त्यात ठिपका. तक्त्याला तीन पट्ट्या. लाल पट्टीतल्या पोराला रोज एक उकडलेलं अंडं आणि वाटीभर दूध. पिवळ्याला पिठाचं पाकीट. हिरव्याला शाबासकी.

तिथं मला मुंगी भेटली. दोन वर्षांची पोर, पण हाताला लागेल तो कण उचलून तोंडात घालायची, म्हणून मुंगी. आई शिलाईच्या कारखान्यात, उजाडता जायची. मुंगीला आणायची तिची आजी. आजीला अक्षर येत नव्हतं, पण माझी तबकडी तिला पाठ होती.

"आठाच्या खाली सुई राहिली की अंडं, आठाच्या वर गेली की पाकीट. होय ना गं ताई?"

"होय आजी. तिच्या वयाला आठ किलो ही रेघ."

मुंगी साडेसात भरली. अंडं सुरू झालं. तीन महिन्यांत पोरगी झोळीत बसल्या बसल्या पाय झाडायला लागली, माझी सुई पकडायला बघायची. सव्वाआठ भरली! मला कोण आनंद. पण ठिपका पिवळ्यात गेला आणि दुसऱ्या दिवसापासून अंडं बंद. दोन महिन्यांत पुन्हा पावणेआठ. अंडं सुरू. पुन्हा वाढली, पुन्हा बंद.

आजी एक दिवस पदर खोचून उभी राहिली. "अंडं खाल्लं की वजन वाढतं, वजन वाढलं की अंडं जातं. मग पोरीनं करायचं तरी काय? नेहमी अर्धमेलंच राहायचं?"

"नियम आहे आजी. मी काय करू?"

"ज्यानं केला त्याला बसव एकदा या झोळीत. पाय मावतात का बघू."

दोघी हसल्या. पण आजीनं मनाशी काही ठरवलं होतं. पुढच्या पहिल्या तारखेला मुंगी उपाशी आली. हातातल्या बांगड्या काढलेल्या, अंगात नुसतं पातळ झबलं. ताईनं विचारलं तर आजी म्हणाली, "आज भूक नाही म्हणते." आणि मुंगी तर माझ्या झोळीची कड चघळत होती! आठाला थोडी कमी भरली. अंडं पुन्हा सुरू झालं. एक सकाळ उपास आणि महिनाभर अंडं. आजीचा हिशेब काही वेडा नव्हता.

मग तपासणीचे साहेब आले. वरून फर्मान होतं : वर्ष संपताना एकही पोर लाल पट्टीत दिसता कामा नये. ज्या केंद्रात लाल शून्य, त्याला पितळी पाटी.

"ताई, तुमच्याकडं अजून सहा लाल?"

"पोरं तेवढीच भरतात साहेब. मी खोटं लिहू का?"

"छे छे! खोटं कशाला लिहिता? काटा सांगेल तेच लिहा." असं म्हणत साहेबांनी माझ्या डोक्यावरचा स्क्रू दोन वेढे फिरवला आणि तो पुन्हा कुणी फिरवू नये म्हणून वर लाखेचा ठिपका दिला. माझी सुई शून्य सोडून पुढं सरकली.

"साहेब, रिकामी झोळी अर्धा किलो दाखवतेय."

"रिकामी झोळी कोण बघतं? पोर बसलेलं बघतात."

ताईनं तक्ता मिटला. तिची नोकरी साहेबांच्या सहीवर होती.

त्या महिन्यात मुंगी उपाशी आली ती सव्वाआठ भरली. आजीचा विश्वास बसेना. "ताई, सकाळपासून पोटात घास नाही, तरी ही भरली कशी? हवेवर वाढली काय?"

ताईनं एकदा लाखेकडं पाहिलं. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड म्हणून सुईच, आणि ती बांधलेली. ताई म्हणाली, "पोरं वाढतात आजी."

अंडं गेलं. आजीनं वाट पाहिली पुढच्या तारखेची. एका सकाळचा उपास पुरत नाही, असं तिला वाटलं. तिनं मुंगीला दोन दिवस उपाशी ठेवलं. फक्त पाणी.

त्या दिवशी दोन भोकांतून पाय आले, पण झाडले नाहीत. माझी सुई आठाच्या जरा वर थांबली.

"अजून पिवळीच?" आजी म्हणाली, आणि तेवढ्यात मुंगीची मान कलली.

ताई तिला छातीशी धरून अनवाणी पळाली. मी नुसता हेलकावत राहिलो. पुढचं कळलं ते वीस दिवसांनी, आजी केंद्राच्या दारात आली तेव्हा. मुंगी खांद्यावर होती. जगली होती, पण कशाकडं हात करत नव्हती.

"दवाखान्यातल्या काट्यावर साडेसात पुरी भरली नाही," आजी म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बाकीचा अर्धा किलो वाटेत सांडला का? ताई, तू एक शब्द बोलली असतीस ना, तर मी पोरीला जेवू घातलं असतं गं."

ताई रडली. आजी रडली नाही.

चौकशी झाली. साहेबांनी लिहून दिलं, काटा बिघडला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी! पितळी पाटी मात्र तोवर दारावर लागली होती, ती कुणी काढली नाही. आणि कागदावर लाल पट्टी रिकामी, मग अंडी कुणासाठी? ती सगळ्यांचीच बंद झाली.

मी आता अडगळीच्या खोलीत खिळ्याला लटकतोय. लाख तशीच आहे, झोळीही तशीच. कुणी इकडं आलातच, तर तुम्ही तरी एकदा रिकाम्या झोळीकडं बघा. सुई अर्ध्या किलोवर उभी दिसेल. ते वजन मुंगीचं आहे. तिच्या अंगावर चढायचं होतं, माझ्या सुईवर चढलं.