खिडकीतली ताटली

भाजीवरची झाकणी गिरिजाच्या हातून निसटली आणि फरशीवर गोल गोल फिरत कितीतरी वेळ वाजत राहिली. दुपारचं घर चिडीचूप होतं. तान्हीला पाजून, धुणं आवरून ती आत्ता कुठं जेवायला बसली होती. झोळीतली तान्ही दचकली, तशी गिरिजाने झाकणीवर पाय ठेवून आवाज दाबला. मग तो पाय उचलायचं तिला सुचलंच नाही.

अंगणवाडीला कुलूप लावताना खिडकीत असंच काहीतरी चमकलं होतं. तिने पाहिलंही होतं. स्टीलची ताटली. पण छातीत दूध दाटलेलं, तान्ही घरी भुकेली. हात कुलपावर होते आणि पाय केव्हाच घराकडे वळले होते.

"आत्याबाई, पोरीकडं बघा!"

"आगं, ताट तर उचल! कुठं चालली उन्हाची?" सासू म्हणाली, तोवर गिरिजा अंगण ओलांडून गेली होती.

मार्चचं ऊन. हरभऱ्याच्या काढणीला सगळं गाव रानात गेलेलं. वाटेत विचारायला चिटपाखरू नव्हतं आणि कुणी विचारलं असतं तर सांगायला तोंड नव्हतं. अंगणवाडीच्या दाराशी किल्ली कुलपात जाईना. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लागली.

पत्र्याखाली कोंडलेली गरम हवा तोंडावर आली. दाराशीच विशाखा बसली होती. चार वर्षांची पोर, केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे. तिने फरशीवर लघवी केली होती आणि आपल्याच फ्रॉकच्या घेराने ती पुसून घेतली होती. रडून रडून आवाज बसला होता.

"बाई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी बाहीर गेले न्हाई. तुमाला इचारल्याबिगर जायचं न्हाई ना?"

गिरिजाने तिला उचलून ओट्यावर आणलं, माठातलं पाणी ओंजळीने पाजलं, ओल्या पदराने तोंड पुसलं. पोर गटागटा पाणी प्याली, मग गिरिजाच्या खांद्यावर डोकं टाकून निपचित पडली. तिचं तापलेलं अंग आणि घरच्या तान्हीचं अंग, वजनाला वेगळं होतं. वास तोच होता.

कुलूप लावून सव्वा तास झाला होता. आणखी तासभर गेला असता तर, याच्या पुढे गिरिजाचा विचार जाईना.

अंगणवाडीच्या भिंतीवर तिच्याच अक्षरात दहा सूचना रंगवलेल्या होत्या. लेकरांना मारू नये. कोंडू नये. विहिरीचं पाणी गाळून द्यावं. सातवी सूचना होती: घरी सोडताना मुलांची डोकी मोजावीत. पण डोकी एका जागी ठरत नाहीत. एक मोजावं तर दुसरं पळतं. म्हणून गिरिजाने आपली युक्ती काढली होती. लेकरं घरून ताटल्या आणायची. खिचडी झाली की मदतनीस झुंबरबाई त्या धुऊन टोपल्यात ठेवायची आणि घरी जाताना ज्याने त्याने आपली ताटली उचलायची. टोपलं रिकामं, म्हणजे खोली रिकामी. चार वर्षांत कधी चूक झाली नव्हती. अंबडच्या सुपरवायझर मॅडमनी मीटिंगमध्ये या युक्तीचं कौतुकही केलं होतं.

त्या दिवशीही टोपलं रिकामंच होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम जीपने आल्या. गावात एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. मॅडम वाईट नव्हत्या. तान्हं लेकरू असताना नोकरी करणाऱ्या बाईची त्यांना कीव होती.

"लिहून द्यावं लागेल, गिरिजाबाई. बसा. टोपलं रिकामं होतं म्हणता, मग पोरगी राहिली कशी?"

गिरिजा पेन धरून बसली. झुंबरबाई चुलीशी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

भीमनगरातून चार लेकरं यायची. त्यांच्या ताटल्या टोपल्यात नसत. त्या बाहेरून खिडकीच्या कट्ट्यावर असत. लेकरं आपापली ताटली आपणच नळावर विसळायची आणि कट्ट्यावर पालथी घालायची. हे कुणी ठरवलं, असं विचारलं असतं तर नाव सांगता आलं नसतं. गिरिजा नोकरीला लागली तेव्हा झुंबरबाई म्हणाली होती, "तेवढ्या चार मी न्हाई धूत, बाई. म्हाताऱ्या माणसाला काही म्हनू नका." गिरिजाने काही म्हटलं नव्हतं. नवी नोकरी, वयाने मोठी बाई, गावात राहायचं. मग पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि खिडकी आणि ताटल्या यांची नजरेला सवय झाली. ती चार लेकरं नेहमी हातात हात घालून निघायची, म्हणून मोजायची वेळ आली नाही. काल त्यातली तिघं पाचोडला लग्नाला गेली होती आणि एकटी उरलेली विशाखा तांदळाच्या पोत्यांआड झोपून गेली होती.

तिने लिहायला सुरुवात केली. 'चार मुलांच्या ताटल्या टोपल्यात नसून बाहेर खिडकीत' एवढं झालं, तोच मॅडमनी वाकून पाहिलं आणि कागद हलकेच ओढून घेतला.

"हे नका लिहू. कागद वर जातो. उद्या गावावर येईल, तुमच्यावर येईल, झुंबरबाईच्या म्हातारपणी तिच्यावर येईल. चूक झाली, पोर सुखरूप आहे. सरळ लिहा, पोत्यांआड झोपली होती, मोजणीत राहून गेली. खोटं आहे का काही यात?"

खोटं काहीच नव्हतं. गिरिजाने नव्या कागदावर तेवढंच लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. 

सहीसाठी विशाखाच्या आईला बोलावलं. कांताबाई रानातून तशीच आली, कमरेला विळा खोचलेला. ती उंबऱ्यापाशी थांबली.

"आत या ना, कांताबाई," मॅडम म्हणाल्या.

"इथंच बरी हाय, म्याडम. पायाला माती हाय."

मॅडमनी शाईचं पॅड पुढे केलं. कांताबाईने ते बाजूला सारलं.

"सातवी शिकल्याली हाय मी."

तिने कागद हातात घेतला आणि ओठ हलवत सावकाश वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मोजणीत कशी काय राह्यली वो बाई? तुमचं तर टोपल्याचं बराबर ऱ्हातंय म्हनतेत सगळे."

गिरिजा पेनाचं टोपण उघडत होती, लावत होती. झुंबरबाईच्या सुपात एकही दाणा वाजत नव्हता.

कांताबाईने मग खिडकीकडे पाहिलं. फार वेळ नाही. घरातली ओळखीची वस्तू जागेवर आहे ना, एवढंच बघतात तसं. आणि सही केली.

"न्हाई म्हनलं, रानात बी मला समजना," जाता जाता ती म्हणाली, "की समद्यांची पोरं घरी गेली अन् माहीच कशी राह्यली. आता समजलं."

तिच्या आवाजात राग असता तर गिरिजाला झेपला असता.

दोन दिवस विशाखा आली नाही. गिरिजा रोज दारात उभी राहून भीमनगराची वाट बघायची आणि कुणी येताना दिसलं की आत वळायची. बाकीची तिघं आली, तेव्हा तिने त्यांच्या ताटल्या खिचडीनंतर स्वतः घासल्या आणि टोपल्यात ठेवल्या. झुंबरबाईने टोपल्याला हात लावला नाही.

"तुमी शिकल्याल्या," ती तोंड फिरवून म्हणाली. "घासा मंग समद्याच."

गिरिजाने सगळ्याच घासल्या. राखेने बोटं चरचरली. पण बरं काही वाटलं नाही. एवढं सोपं होतं, हेच आत कुठंतरी सलत राहिलं. चार वर्षं, आणि एवढं सोपं.

तिसऱ्या दिवशी विशाखा आली. कांताबाईने तिला दारापर्यंत सोडलं आणि रानाची वाट धरली. पोरीने वेणी घातली होती. फ्रॉक तोच, धुतलेला. आत येण्याआधी ती सवयीने वळली आणि टाचा उंचावून ताटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू लागली.

"विशे, आण इकडं," गिरिजा म्हणाली. तिने ताटली घेतली आणि टोपल्यात, सगळ्यांच्या मध्ये ठेवली.

विशाखा टोपल्यापाशी उकिडवी बसली. आपली ताटली तिने बोटाने चाचपली, शेजारची चाचपली. अंगणवाडीत मारायला बंदी होती. कुणी चिमटा काढला, कुणी पाटी फोडली, तर गिरिजा त्याला थोडा वेळ बाहेर ओट्यावर बसवायची आणि मग आत घ्यायची. विशाखा स्वतः एकदा बसली होती.

तिने मान वर करून विचारलं,

"बाई, माह्या ताटलीनं काय खोडी केल्ती?"