दोघींच्या घरची टाकी

टाकी बघायला डेलमर कोस्की बुधवारी सकाळी नऊला येणार असं ठरलं, तेव्हापासून आर्डिस हेगलंड धास्तावली होती. खरं तर सेप्टिक टाकीवाला येतो म्हणून कुणी घाबरत नाही. उत्तर विस्कॉन्सिनात तळ्याकाठच्या प्रत्येक घरामागे एक टाकी पुरलेली असते. तीन वर्षं झाली की काउंटीच्या सरकारी कचेरीतून तपासणीचं कार्ड येतं, माणूस येतो, झाकण उघडून बघतो, लागलं तर उपसतो, सही करतो आणि जातो. घरची माणसं तेवढा वेळ खिडक्या लावून आत बसतात. आर्डिस घाबरली होती ती वेगळ्याच कारणासाठी. टाकीला खोटं बोलता येत नाही, आणि ती स्वतः जवळजवळ तीन वर्षं बोलत होती.

त्याची सुरुवात तळघराच्या पायऱ्यांपासून झाली. नवरा, ऑर्व्हिल, गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ती तिथे घसरली आणि पोस्टमन येईपर्यंत अख्खा दिवस खाली पडून राहिली. हाड मोडलं नाही, पण मुलगी जोलीन ॲरिझोनाहून धावत आली. आठ दिवस राहिली आणि जाताना निकाल देऊन गेली: एकतर घरात कुणीतरी सोबतीला ठेवायचं, नाहीतर तिकडे, तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात यायचं. वृद्धाश्रमाला तिथले लोक गोड गोड नाव देतात, पोहण्याचा तलाव दाखवतात. आर्डिसला पोहता येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. तिने वरची खोली मॅव्हिस टोलफसनला भाड्याने दिली.

मॅव्हिस शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. टीव्ही मोठ्याने लावायची, सगळ्यावर केचप ओतायची, आणि कशालाही चांगलं म्हणायची नाही. दोघींचं कधी जमलं नाही. त्या वर्षी ऑक्टोबरात डेलमर टाकी उपसून गेला आणि पुढच्याच महिन्यात मॅव्हिसच्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं. मॅव्हिस दोन आठवड्यांसाठी म्हणून आयोवाला गेली. बहिणीकडे तिला केबल टीव्ही मिळाला असावा, कारण ती परत आली नाही.

आर्डिसने हे जोलीनला सांगितलं नाही. आधी विसरले म्हणून, मग आता कशाला म्हणून, आणि शेवटी सांगायची सोय उरली नाही म्हणून. दर रविवारी फोन यायचा. मॅव्हिस कुठेय? अंघोळीला गेलीय. मॅव्हिस कुठेय? चर्चमध्ये, बिंगोला, दाताच्या डॉक्टरकडे. थापा मारता मारता आर्डिसला त्यात रस येऊ लागला. खरी मॅव्हिस एक नंबरची कुरकुरी होती, पण फोनवरची मॅव्हिस मोठी गुणाची निघाली. ती बर्फ उपसायची, ॲपल पाय भाजायची, संध्याकाळी पत्ते खेळायची आणि हरली तरी चिडायची नाही. फोन ठेवला की आर्डिसला वाटायचं, अशी कुणी खरंच वर राहत असती तर काय बहार होती.

मग तिने आणखी एक गोष्ट सुरू केली, जी तिने कुणालाच सांगितली नसती. रोज सकाळी वर जायचं, मॅव्हिसच्या न्हाणीघरातला नळ सोडायचा, संडास फ्लश करायचा आणि लगबगीने खाली येऊन कॉफी घेऊन बसायचं. पहिल्यांदा तिने स्वतःलाच समजावलं की पाइप कोरडे पडू नयेत म्हणून हे करावं लागतं. पण भिंतीतून पाणी खाली येताना जो आवाज होतो तो कुणीतरी उठल्याचा असतो. तेवढी दहा मिनिटं घरात ती एकटी नसायची. पुढे ती संध्याकाळीही जाऊ लागली, आणि मागचा हिवाळा लांबला तेव्हा दुपारीसुद्धा.

सप्टेंबरात जोलीनला संशय आला. मॅव्हिस एकदाही फोनवर कशी येत नाही, असं तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. ती बापाची लेक होती. ऑर्व्हिलने तळघराच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवला होता: घरात माणसं किती, टाकी केवढी, किती वर्षांत किती गाळ. पोरीला त्याने तो पाढ्यांसारखा पाठ करायला लावला होता. काउंटीचं कार्ड आल्याचं कळताच जोलीनने थेट डेलमरला फोन केला आणि सांगितलं की पावतीवर, टाकी किती माणसांची वाटते, तेही लिहा आणि फोटो मला पाठवा. मग आईलाही तिने सरळ सांगितलं. कागदावर दोन आलं तर ती पुन्हा हा विषय काढणार नव्हती. एक आलं तर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला येऊन आईची बॅग भरणार होती.

डेलमर नऊला दहा मिनिटं कमी असतानाच आला. पन्नाशी ओलांडलेला, रुंद, कमी बोलणारा माणूस. आर्डिसने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती आणि आठ वर्षं डेलमर त्या बसमध्ये तिच्या मागच्या सीटवर बसायचा. त्यामुळे टोपी काढल्याशिवाय तो तिच्याशी बोलत नसे. टाकीच्या झाकणावर ऑर्व्हिलने एक लाकडी खोटी विहीर बसवली होती, वर छोटंसं छप्पर आणि बादलीसकट. डेलमरने ती उचलून बाजूला ठेवली, झाकण फिरवून काढलं आणि आर्डिस आत जाईल म्हणून थांबला. आर्डिस स्वेटर गळ्याशी ओढून तिथेच उभी राहिली.

त्याने लांब काठीला पांढरा टॉवेल गुंडाळला आणि काठी सरळ तळापर्यंत सोडली. जरा वेळ धरून ठेवून वर काढली. टॉवेलवर गाळाचा काळा डाग उमटतो, तो जितका उंच तितका गाळ. डाग चार बोटं होता. डेलमरने तो अंगठ्याने मोजला, मग पुन्हा मोजला. नंतर टाकीतून पाणी बाहेर जातं तिथे बसवलेली गाळणी ओढून काढली. ती भरून गच्च झाली होती. मग तो मागच्या उतारावर गेला, जिथे टाकीचं पाणी चरांमधून जमिनीत मुरतं. सगळं गवत ऑक्टोबरात पिवळं पडलेलं असताना तेवढा पट्टा हिरवागार होता. त्याचा बूट पचकन आत गेला. आर्डिसला तो आवाज टाकीपाशीही ऐकू आला.

परत येऊन त्याने विचारलं, "आर्डिसबाई, घरात माणसं किती?"

"दोन. मी आणि मॅव्हिस. वर राहते ती."

डेलमरने टोपी हातात फिरवली. "गाळ एकाचा आहे. आणि पाणी दोघांचं. खरं म्हणजे दोघांहून जास्तच. पाण्याच्या रेट्याने जो काही गाळ आहे तोही गाळणीत जाऊन बसलाय. चर भिजून चिखल झालेत. असंच चाललं तर दोन वर्षांत चर बाद होतील, मग अंगण उकरून नवीन घालावे लागतील."

"मॅव्हिस खाते कमी," आर्डिस म्हणाली.

"मॅव्हिसबाई?" डेलमर म्हणाला. "शाळेत आम्हाला वाढायच्या आधी स्वतःचं ताट वाढायच्या त्या."

आर्डिसला हसू आलं आणि त्याबरोबरच सगळं बाहेर आलं. आयोवा, बहीण, रविवारचे फोन, पत्ते. उभ्या उभ्या, उघड्या टाकीच्या शेजारी, वाऱ्यात तिने ते सांगून टाकलं. डेलमर मान खाली घालून ऐकत होता. पाणी कोण सोडतं, हे तिने सांगितलं तेव्हा मात्र त्याने वर बघितलं आणि कशासाठी म्हणून विचारलं.

"आवाज यावा म्हणून," ती म्हणाली.

डेलमर वळून गाडीपाशी गेला. मग गाडीवरची नळी ओढून आणली आणि गाळणी धुवायला लागला. वेळ काढत होता. धुऊन झाल्यावर त्याने ती जागेवर बसवली आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, "जोलीनला सांगून का टाकत नाही?"

"सांगितलं की ती येईल."

"येऊ दे की."

"येईल आणि घेऊन जाईल मला. ती यावी असं फार वाटतं रे. चार वर्षं झाली तिला बघून. फक्त तिने मला नेऊ नये."

डेलमरने खिशातून पावतीपुस्तक काढलं. तारीख लिहिली, टाकीची अवस्था लिहिली, उपसण्याची गरज नाही असं लिहिलं. गाळणी तुंबली होती, चर ओले आहेत, हेही लिहिलं, कारण त्या बाबतीत तो कुणाच्याही भिडेला पडत नसे. मग पेन एका ओळीवर थांबलं. काउंटीच्या कार्डावर माणसांचा रकाना नव्हता. हा आकडा जोलीनने मागितला होता आणि तो त्याच्या स्वतःच्या पावतीवर जाणार होता.

डेलमर लहान असताना त्याच्या घरी सकाळी उठवायला कुणी नसायचं. आर्डिस नियम मोडून त्याच्या फाटकाशी बस उभी ठेवायची, तो एक बूट घालून आणि एक हातात घेऊन पळत येईपर्यंत. त्यावरून तिला एकदा मेमोही मिळाला होता. हे आत्ता तिला आठवलं. आठवण करून द्यावी असंही क्षणभर वाटलं. पण तेव्हा ती थांबली होती ती थांबावंसं वाटलं म्हणून. त्याची आता वसुली करायची तिला लाज वाटली.

"किती लिहू?" डेलमरने विचारलं.

आर्डिसने घराकडे बघितलं. वरच्या खिडकीचा पडदा तिने मुद्दाम अर्धा उघडा ठेवला होता, कुणी झोपून उठल्यासारखा.

"दोन," ती म्हणाली.

त्याने दोन लिहिलं. सही केली, फोनने फोटो काढला आणि तिथेच पाठवूनही दिला, बहुधा मन बदलू नये म्हणून. झाकण घट्ट बसवलं, लाकडी विहीर उचलून पुन्हा वर ठेवली. गाडीत चढताना म्हणाला, "मॅव्हिसबाईंना सांगा, पाणी जरा जपून वापरा. त्यांच्या वयाला आठवड्यातून दोन अंघोळी पुरेत. मी वसंतात येऊन चर बघून जाईन."

आर्डिसने त्याला भोपळ्याच्या वड्या फॉइलमध्ये बांधून दिल्या. गाडी वळणापलीकडे गेली आणि तिचा जीव भांड्यात पडला. घर वाचलं. तळं वाचलं, ऑर्व्हिलची खुर्ची वाचली, आपल्या मनाप्रमाणे उठायचं आणि बसायचं वाचलं. इतका आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. तिने कॉफी केली आणि टेबलावरचा पसारा आवरला.

बुधवार असूनही बाराच्या सुमाराला फोन वाजला.

जोलीनचा आवाज रडवेला होता. तिने आधी माफी मागितली. आईवर संशय घेतला, बाबांचा तक्ता आईविरुद्ध वापरला, याची तिला शरम वाटत होती. या संशयाबद्दल तिला कुणाशी बोलताही आलं नव्हतं, स्वतःच्या नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं. आर्डिस म्हणाली, असू दे गं, मी तुझ्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. हे मात्र खरं होतं.

"मी तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं, आई," जोलीन म्हणाली. "थँक्सगिव्हिंगचं. दहा दिवसांचं. मला खात्रीच होती की तू एकटी आहेस. आता ते रद्द करते. इकडे कामाचा डोंगर आहे, आणि तुला सोबत आहे म्हटल्यावर... बघू, उन्हाळ्यात जमलं तर. तू एकटी असतीस ना, तर मी आलेच असते."

आर्डिसच्या हातात फोन होता. दहा दिवस. एका वाक्याचं काम होतं. मी एकटी आहे, एवढं म्हणायचं, की जोलीन या स्वयंपाकघरात येऊन बसणार होती, या टेबलाशी, बाबांच्या जागी. आणि अकराव्या दिवशी दाराला कुलूप लागणार होतं. तिला ये म्हणायचं होतं, नुसतं ये, आणि ते म्हणायला आता तिच्याकडे काहीच कारण उरलं नव्हतं.

"मॅव्हिस विचारत होती," ती म्हणाली, "जोलीन कधी येणार म्हणून."

"मॅव्हिस?" जोलीन हसली. "शाळेत वाढायची तेव्हा कधी सरळ तोंडाने बोलली नाही माझ्याशी."

"आता बदललीय ती," आर्डिस म्हणाली. "रोज विचारते."