नवव्या दिवशीचा खेळ

सगुण गेल्याला नववा दिवस. भर दुपारी खिडक्यांना गोधड्या ठोकून जावई गोकुळदास प्रोजेक्टर मांडत होता आणि कोरगावातल्या बायका दारातून डोकावून जात होत्या. सुतकात सिनेमा!

सगुणच्या बायकोने, विमलने, एकीला हटकलंच. "सिनेमो न्हय गो, माझो घोव. बघूचो आसात तर बस, नायतर वाट सोड."

हट्ट तिचाच होता. सगुण दशावतारात राणीचा पार्ट करायचा. दर जत्रेला म्हणायचा, "ह्या खेपेक तरी ये." विमल चाळीस वर्षं एकच सुनावत आली, "लुगडा नेसलेलो घोव बघूक जातंय? लाज नाय माका?" शेवटचा खेळ लेकीने, मनीषाने, फोनवर घेतला होता. त्या काचेत सगुण अंगठ्याएवढा. विमलला तो माणसाएवढा बघायचा होता. एकदाच.

गोकुळदासचं काम नेटकं. पोपटी भिंतीवर राणी कावीळ झाल्यासारखी दिसेल, म्हणून त्याने पांढरी चादर सुरकुती न ठेवता ताणली. बटण दाबून चित्र सरळ केलं तर रेघा फिसकटतात, म्हणून पाटाखाली पुठ्ठे सारून यंत्रच बरोबर समोर आणलं. मग हात थांबला.

"आई, तो दिवो..."

दिवा चादरीच्या पायथ्याशीच होता, सगुणला शेवटचं निजवलं त्या जागी. बाराव्यापर्यंत विझवायचा नाही, हलवायचा नाही. त्याचा उजेड वर चढून राणीचे काळे केस राखेसारखे करत होता. तोंड तर पुसूनच गेलं होतं. दुसऱ्या खोलीत यंत्राला लागतं तेवढं अंतर नव्हतं.

"खोको लावया आड," मनीषा म्हणाली.

"बापाशीच्या दिव्याआड साबणाचो खोको? शाणी माझी!"

विमल उठली. भिंतीला पाठ लावून दिव्यामागे बसली आणि दोन्ही हातांनी पदर ताणून उजेडाआड धरला. चादर काळोखली. दारातल्या बायका आत सरकल्या.

खेळ सुरू झाला, सगुणचा आवाज आला. विमलने मान वळवून वर पाहिलं. इतक्या जवळून नुसते रंगाचे ठिपके, ना नाक ना डोळे. तेवढ्यात पदर ढळला आणि बायका कळवळल्या, "गेलो, गेलो!" तिने झटकन पदर सावरला.

"आई, मी धरतंय. तू हय येवन बघ," मनीषा म्हणाली.

"बस थयच. तो बोलवी तेव्हा गेलंय नाय. आता खयच्या तोंडान फुडे बसू?"

मनीषाच्या गालांवर चादरीवरचा उजेड हलत होता. विमल तेवढंच बघत राहिली.

"कसो दिसता गो?" तिने विचारलं.

मनीषाची नजर चादरीवरून हलेना.

"सांग मगे. कसो दिसता?"