अर्लीनबाईंचं यंदाचं मरण

दर हॅलोवीनला, भुताखेतांच्या त्या सणाला, अर्लीन डिटमर मरायच्या, आणि दर वर्षी नव्या कारणानं. सत्तेचाळीस वर्षांत त्या नदीत बुडाल्या होत्या, विषारी अळंब्या खाऊन गेल्या होत्या, एकदा तर त्यांना नवऱ्यानं भिंतीत चिणलं होतं. नवरा ऑर्विल तेव्हा हयात होता, बिचारा आठवडाभर शेजाऱ्यांना सांगत फिरला, "अहो, मी नाही हो तसला!" यंदा त्या पियानो शिकवणाऱ्या, सुरीनं भोसकलेल्या मास्तरीणबाई होत्या. वय चौऱ्याहत्तर, खुब्यात स्टीलचा तुकडा आणि हौस मात्र नऊ वर्षांच्या पोरीची.

केलर्सबर्गच्या वाचनालयात त्यांनी चाळीस वर्षं काढली. भुताखेताची एक कादंबरी हातून सुटली नाही. सकाळच्या कॉफीबरोबरसुद्धा बाईंना पछाडलेलं घर लागायचं. एकुलती एक मुलगी रोंडा, तिला या प्रकाराची लहानपणापासून लाज. "बाकीच्यांच्या आया केक करतात," ती म्हणायची, "माझी आई पोर्चमध्ये मरून पडते."

तीच रोंडा आता बावन्न वर्षांची झाली होती आणि कागद घेऊन मागे लागली होती. कोलंबस शहरात तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी जागा होती. लिफ्ट, नर्स, सगळं. मार्चमध्ये आईचा खुबा मोडल्यापासून तिनं धोशाच लावला होता.

"अकरा पायऱ्यांचं घर आहे आई हे! आणि थांबायचंय कोणासाठी? गेल्या वर्षी चौदा पोरं आली. चौदा!"

"यंदा पंचवीस येतील."

"आणि नाही आली तर?"

"तर सही करते. आली, तर हा विषय परत काढायचा नाही. आहे कबूल?"

रोंडानं एका पायावर कबूल केलं.

गावच्या कौन्सिलनं वेळ ठरवली होती, गुरुवारी सहा ते आठ. सहाला अग्निशमन दलाचा भोंगा झाला की पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायला सुटायची, आठला झाला की घरी. पावणेसहालाच अर्लीनबाई पोर्चमधल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसल्या. तोंडाला पांढरा रंग, छातीत रबरी सुरी, मांडीवर चाळीस मोठी चॉकलेटं भरलेलं पातेलं. त्यांची रीत ठरलेली. डोळे मिटायचे, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा आणि पोराचा हात चॉकलेटला लागला की त्याचं मनगट धरायचं. इतरांसारखे हसरी तोंडं कोरलेले भोपळे त्यांनी कधी मांडले नाहीत. मेलेल्या बाईच्या दारात हसणारं कोण असणार?

भोंगा झाला. रस्त्यावर गलका उठला. अर्लीनबाई मेल्या.

मेल्या त्या मेल्याच. शेजारची घंटा वाजत होती, समोरची वाजत होती, पण यांच्या पायरीवर पाऊल म्हणून वाजेना. साडेसहा झाले. अंधार पडला असावा. तरी बाईंनी पापणी हलू दिली नाही. सातच्या सुमारास खालून कुणा आईचा आवाज आला, "नको रे बेकेट, तिथे नको. दिवा बंद आहे. आजींचा खुबा मोडलाय ना, झोपल्या असतील."

दिवा बंद? बाईंनी डोळे उघडले. पोर्चमध्ये मिट्ट काळोख. त्या दचकून हलल्या, तसा डोक्यावरचा दिवा टकन लागला. आता लक्षात आलं! कोणी हललं तरच लागणारा हा दिवा रोंडानं काळजीपोटी बसवला होता. पोर्चचा दिवा बंद असला की त्या घरची घंटा वाजवायची नाही, हे गावातलं तीन वर्षांचं पोरही जाणतं. आणि बाई तर इतक्या झकास मेल्या होत्या, की दिव्यालासुद्धा ते पटलं होतं.

"हात्तिच्या मारी!" बाई म्हणाल्या.

त्यांनी हाका मारल्या, पण त्या गलक्यात ऐकतो कोण? पोरांनी हे घर सोडून दिलं होतं, घोळके पुढे चालले होते. उरला होता तास. एकट्यानं पायऱ्या उतरायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं, रोंडानं तर शपथ घातली होती.

"गेले खड्ड्यात सगळे," म्हणत अर्लीनबाईंनी पहिल्या पायरीवर बूड टेकलं. मांडीवर पातेलं, दोन्ही हात मागे, आणि घसरत घसरत खाली. तिसऱ्या पायरीला खुब्यातून अशी कळ गेली की डोळ्यांतून पाणी आलं आणि पांढऱ्या रंगाचे ओघळ थेट हनुवटीपर्यंत पोचले. "पंचवीस," त्या दात आवळून म्हणाल्या. "पंचवीस."

एका छोट्या चेटकिणीनं त्यांना पाहिलं आणि जी किंकाळी फोडली!

"ती बघा! मेलेली बाई सरपटत येतेय!"

रस्ता क्षणात रिकामा झाला आणि क्षणात परत भरला. बाई शेवटच्या पायरीवर पोचल्या तेव्हा पुढे रांग लागली होती. अंतराळवीर झालेल्या बेकेटनं लांबूनच विचारलं, "तुम्ही खरंच मेलात?"

"सकाळीच. चॉकलेट घे आणि तुझ्या मित्रांना कळव."

आठचा भोंगा झाला तेव्हा पातेलं रिकामं होतं. रोंडा गाडीतून उतरली ती धावतच.

"तू खाली कशी आलीस? आई, पडली असतीस तर मेली असतीस!"

"चाळीस आली, रोंडा. चाळीस!"

"जिंकलीस, बाई, जिंकलीस. ऊठ आता, घरात चल."

अर्लीनबाईंनी कठडा धरला, जोर लावला आणि परत खाली बसल्या. दुसऱ्यांदा लावला. मग मान न वळवता म्हणाल्या, "नाही गं चढता येत. पण इथून जाणार नाही म्हणजे नाही."

ऑफिसच्या चांगल्या कपड्यांनिशी रोंडा आईशेजारी बसली, तिच्या काखेत हात घातला. दोघी पाठमोऱ्या, बसल्या बसल्या, एकेक पायरी वर सरकू लागल्या. नवव्या पायरीवर रोंडाला हुंदका फुटला.

"मला भीती वाटते, आई."

"आता? बावन्नाव्या वर्षी? भुतांची?"

"तुझी. तू नसशील त्याची."

अर्लीनबाईंनी तिचं डोकं आपल्या रंगलेल्या गालाशी ओढून घेतलं.

"वेडे, आयुष्यभर मी दुसरं वाचलं काय? गेलेलं माणूस परत कसं येतं, एवढंच. सगळ्या वाटा पाठ आहेत मला. तू फक्त घर विकू नकोस, मला पत्ता सापडायला हवा. चल, सरक वर, दोनच राहिल्यात."