रहिवासी : निरंक

खडशी बेटावर कोणीही राहत नव्हतं, आणि तो सोमवारी सकाळी धक्क्यावर शैलजाची वाट पाहत उभा होता.

सरकारी नोंदवहीत ‘रहिवासी’ या रकान्यात पावणेदोनशे वर्षं ‘निरंक’ एवढंच लिहिलेलं होतं. निरंक हे त्या माणसाचं नाव होतं. त्यामुळे नोंद चुकलेली नव्हती.

“या बाई,” तो म्हणाला. “पायरी शेवाळलेली आहे, जपून.”

शैलजा केळुसकर तलाठी होती. सोळा वर्षांत तिच्या अकरा बदल्या झाल्या होत्या, आणि प्रत्येक गावात पहिल्या दिवशी लोकांनी तिला एकच विचारलं होतं, की आधीच्या भाऊसाहेबांची बदली का केली. आपली वाट पाहत कुणी उभं असण्याची तिला सवय नव्हती. ती जरा गडबडली. मग तिने पिशवी त्याच्या हातात दिली.

होडी आणणारा गजा तांडेल साठीचा होता. तो धक्क्याकडे बघून म्हणाला, “बाईनू, कोणाशी बोलतास?”

“निरंकांशी.”

“हां, म्हणजे कोण नाय,” गजा म्हणाला. “बरां, मी फुडच्या सोमवारी येतंय परत.” आणि त्याने होडी वळवली.

निरंकचा चेहरा समोर असेपर्यंत ठसठशीत दिसे. नजर वळली की आठवत नसे. धोतर, वर जुना काळा कोट, पायात काही नाही. त्याने तिला बेट दाखवलं, आणि ज्याचं घर असतं तो माणूस जशा घरातल्या खोडी सांगतो तशा त्याने बेटाच्या सांगितल्या.

टेकडीवर इंग्रजांनी बांधलेला सरकारी बंगला होता. त्याचा उंबरठा ओलांडला की घड्याळ एकोणचाळीस मिनिटं मागे जाई. इंग्रजांनी बेटाला मुंबईची जुनी वेळ लावली होती. ती रद्द झाल्याचा कागद बंगल्यापर्यंत कधी पोचलाच नाही. ऊनही आत आलं की मागे सरकून बसे.

दक्षिणेकडची पुळण सुरय पक्ष्यांना इनाम होती. आरमाराच्या कुणा सुभेदाराचं गलबत वादळात चुकलं, या पक्ष्यांनी त्याला किनारा दाखवला, म्हणून त्याने वंशपरंपरेने वाळू लिहून दिली. “सनद त्या म्हाताऱ्याच्या पंखाखाली आहे,” निरंक म्हणाला. “मागितलीत तर दाखवेल. पण न विचारता पाय ठेवू नका.” शैलजाने विचारलं. म्हाताऱ्या सुरयाने पंख किंचित उचलला, तिने मोडी अक्षरं पाहिली आणि मान लववली.

त्याच्याही आधी फिरंगी होते. त्यांच्या पाद्रीने रविवारी आवाज करायला मनाई केली होती. “लाटा अजून पाळतात,” निरंक म्हणाला.

“आणि हे सगळे तुमच्या देखत आले?”

“आले, झेंडा लावला, मला विचारलं इथे कोण राहतं. मी नाव सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि गेले.”

“वाईट नाही वाटलं?”

त्याने जरा विचार केला. “नाही. दर काही वर्षांनी कुणीतरी इतक्या लांब नाव विचारायला येतं, बाई. किती जणांकडे येतं?”

शैलजाने दुपारी उकड्या तांदळाची पेज शिजवली, सुकट भाजली. दोघं व्हरांड्यात जेवली. निरंक चवीने जेवला, पण त्याच्या ताटातलं काही कमी झालं नाही. हात धुऊन तिने तहसीलदारांनी दिलेलं पाकीट फोडलं. पाकीट बेटावरच फोडायचं, आठ दिवस राहून इथे कुणी नसल्याचा पंचनामा करायचा आणि परत यायचं, असं तिला सांगितलं होतं.

आदेश चार ओळींचा होता. ज्या बेटांवर रहिवासी निरंक आहेत, ती बेटं समुद्राकडे वर्ग करण्यात येत आहेत. समुद्राने ताबा टप्प्याटप्प्याने, कार्यालयीन वेळेत घ्यावा. एक प्रत समुद्राला.

“प्रत मिळाली असणार,” निरंक धक्क्याकडे बघत म्हणाला. पहिल्या तीन पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या.

समुद्र नियमाने वागला. सकाळी पावणेदहाला तो चढायला लागे, दुपारी अर्धा तास थांबे, सव्वासहाला थांबे तो तिथेच. भरती-ओहोटीशी याचा संबंध नव्हता, ती वेगळी चालू होती. मंगळवारी धक्का गेला. बुधवारी सुरयांची पुळण गेली. पक्षी ओरडले नाहीत, सनद घेऊन बंगल्याच्या छपरावर येऊन बसले. त्यांनी छपरावर बसायची परवानगी मागितली आणि शैलजाने ती दिली.

बेटावर एकाच खडकावर फोन लागत असे. गुरुवारी खडक घोट्याएवढ्या पाण्यात असताना शैलजाने त्यावर उभं राहून तालुक्याला फोन केला. अव्वल कारकून धुरीभाऊंनी उचलला.

“भाऊ, ताबा थांबवा. इथे माणूस राहतो.”

“अरे वा. नाव सांगा.”

“निरंक.”

“बरं, निरंक,” धुरीभाऊ म्हणाले आणि त्यांनी लिहिल्याचा आवाज आला. “मग अडचण काय आहे मॅडम?”

“अहो, ते नाव आहे त्यांचं. एक इसम, नाव निरंक.”

“मॅडम, एक की निरंक, काहीतरी एक सांगा. दोन्ही कसं बसेल रकान्यात?” धुरीभाऊ चांगले माणूस होते. ते खरंच उत्तराची वाट पाहत राहिले. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं तेव्हा शैलजाने फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत खडक गेला.

शुक्रवारी विहीर गेली. सव्वासहाला समुद्र व्हरांड्याच्या खालच्या पायरीला टेकला आणि थांबला. चौदा हेक्टर बेटाचा आता बंगला उरला होता आणि भोवती हातभर गवत.

शनिवार-रविवार समुद्राला सुट्टी होती.

खरं सांगायचं तर ते दोन दिवस शैलजाच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. ती दुपारी झोपली. निरंकने तिला भिंतीवरच्या ओलीतून पाऊस ओळखायला शिकवलं. तिने त्याला बुद्धिबळ शिकवलं, आणि प्रत्येक डाव बरोबरीत सुटला. कुणी तिला दाखला मागितला नाही, कुणी बांधावरून भांडत आलं नाही. रविवारी लाटा तोंड मिटून फुटत होत्या. चारी बाजूंनी पांढरा फेस वर येई आणि काहीच ऐकू येत नसे. त्या शांततेत तिला आपल्या भाड्याच्या खोलीतल्या मिक्सरचा आवाज आठवला, आणि तिथे परत जायची आपल्याला मुळीच इच्छा नाही हे कळलं.

“मी माझं नाव लिहिते,” ती म्हणाली. “रहिवासी एक. मग बेट वर्ग करता येणार नाही.”

निरंकने हातातला घोडा पटावर ठेवला. “येणार नाही. पण रहिवासी एक झाले की मी इथला राहत नाही, बाई.”

हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

“मग नाही लिहीत. उद्या गजा येईल. आपण दोघं होडीत बसू. जाऊ दे बेट.”

“बेट गेल्यावर मी कशाचा निरंक?” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. “मला कुठलीतरी जागा हवी. अमुक ठिकाणी कोणी नाही, असं म्हणायला आधी ते ठिकाण लागतं.”

छपरावर एक पक्षी दुसऱ्याला जागा करून देत सरकला. त्याचाही आवाज झाला नाही.

“तुमच्या तालुक्यात माणसं किती?” निरंकने विचारलं.

“एक लाख सदतीस हजार आणि वर काहीतरी.”

“त्यांच्यात मी जाऊन राहिलो तर आकडा बदलेल का?”

शैलजाने मनातल्या मनात बेरीज केली. “नाही बदलणार.”

“म्हणजे कुणाची अडचण होणार नाही.” तो हळूच हसला. “मला बाजार बघायचा होता. फिरंग्यांच्या वेळेपासून मनात आहे. पण कोणी नसलेली जागा सोडून जाता येत नाही. मागे कुणीतरी लागतं.”

“हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय?”

“थोडं त्यासाठी,” निरंक म्हणाला. “आणि थोडं बाजारासाठी.”

सोमवारी पावणेदहाला समुद्र कामावर आला. त्याने व्हरांडा घेतला, खांब घेतले आणि तो उंबरठ्यापाशी येऊन थांबला. आत नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती. कार्यालयीन वेळ सुरू व्हायला एकोणचाळीस मिनिटं बाकी होती. दारात पाणी कमरेएवढं उभं राहिलं, काचेसारखं सरळ, आणि त्याचा एक थेंबही आत आला नाही. पाण्यातून एक बोय मासा आला, त्याने आत डोकावून पाहिलं आणि तो वळून गेला.

शैलजा टेबलाशी नोंदवही उघडून बसली. निरंकने कोट झटकला, पेजेचं भांडं घासून पालथं घातलं, पटावरच्या सोंगट्या पेटीत भरल्या. मग तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिने विचारलं, “तिकडे राहाल कुठे?” तो म्हणाला, “जिथे कोणी राहत नसेल तिथे. बंद घरं असतील ना बरीच?” ती म्हणाली, “आहेत. माझी खोली आहे. किल्ली शेजारच्या खवणेकर वहिनींकडे.”

“त्या विचारतील, कोण आलंय.”

“नाव सांगा.”

“मग त्या म्हणतील, कोणी नाही,” निरंक म्हणाला, आणि दोघांनाही हसू आलं.

आतल्या घड्याळात साडेनऊला गजाची होडी व्हरांड्यात शिरली. त्याने दोर खिडकीच्या कडीला बांधला.

“बाईनू, चला! बेट खंय गेलां?”

“इथेच आहे. मी येत नाहीय, गजाभाऊ. यांना घेऊन जा.”

शैलजाने शाईत टाक बुडवला. ‘रहिवासी’ या रकान्यातला निरंक तिने खोडला नाही. खोडायला तिचा हात होईना. तिने पुढच्या ओळीवर आजची तारीख घातली आणि लिहिलं, एक. शैलजा दत्ताराम केळुसकर, स्वतः. सही केली. वर पाहिलं तेव्हा निरंक खिडकीतून होडीत उतरला होता, आणि त्याचा चेहरा तिला नजर वळवल्यावरही आठवत होता.

“कोण बसलो काय?” गजाने विचारलं. “होडी तर तशीच लागता.”

“बसलेत. नीट न्या. त्यांना बाजारापाशी उतरवा.”

“बरां,” गजा म्हणाला. काहीतरी आहे असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने फळीवरचं पाणी गमछाने पुसून जागा कोरडी केली. होडी निघाली. निरंक पाठमोरा बसला नाही. तो बेटाकडे तोंड करून बसला होता आणि दिसेनासा होईपर्यंत एक हात वर धरून होता.

आतल्या घड्याळात पावणेदहा झाले. समुद्राने नोंद वाचली असावी. तो उंबरठ्यावरून मागे सरला, व्हरांडा सोडला, विहीर सोडली. पुळण उघडी पडली तसे सुरय छपरावरून ओळीने खाली गेले. शैलजा पायरीवर बसून पाहत होती. तिला थोडं रडू येत होतं आणि फार बरंही वाटत होतं. धक्का वर आला, त्याच्या सगळ्या पायऱ्या वर आल्या.

समुद्र थांबला नाही. ताबा सोडायचा म्हणजे कुठवर सोडायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तो धक्क्याच्या पलीकडे गेला, खडकांच्या पलीकडे गेला, आणि कोणत्याही नकाशात नसलेली काळी ओली जमीन मागे टाकत क्षितिजाकडे निघाला. दुपारपर्यंत तो नुसती एक चकाकती रेघ झाला.

जमीन आली म्हणजे मोजणी आली. शैलजाने साडी खोचली, नोंदवही काखेत घेतली आणि ती धक्क्याच्या शेवटच्या पायरीवरून खाली उतरली. चिखल गार होता आणि पाय धरून ठेवत नव्हता. पाचशे पावलं चालल्यावर तिला दोन खडकांमध्ये बांधलेली दोरी दिसली. दोरीवर एक लुगडं, दोन सदरे आणि एक लहान झबलं वाळत घातलेलं होतं. कपडे नुकतेच पिळले होते. त्यांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं.

शैलजाने आजूबाजूला पाहिलं. मग वही उघडली आणि ‘एक’ची शाई पुसून दुरुस्त करता येईल इतकी अजून ओली आहे का, ते बोट लावून पाहिलं.