शिंप्याने ठिगळ लावलेला सायलेन्सर

जरा खाली वाका. अजून थोडं. हां, दिसलो? गाडीच्या पोटाखाली लोंबतोय ना, तो मी. सायलेन्सर. एरवी गप्प राहणं हाच माझा धंदा, पण आज बोलल्याशिवाय राहवत नाही हो!

इंजिन पुढे बसून आरडाओरडा करतं. तो सगळा आरडाओरडा मी पोटात घेतो, निववतो, आणि मागच्या नळीतून हळूच बाहेर सोडतो. कारखान्यात पत्रा वळवून मला घडवलं, पोटात नळ्या-जाळ्या बसवल्या, आणि शेवटी बुडाशी एक बारीक भोक पाडलं. गरम धूर निवला की त्याचं पाणी होतं, ते टपकून जावं म्हणून. एवढं भोक लक्षात ठेवा. पुढचा घोळ त्यानेच केला.

पहिले मालक घाईचे होते. गाडी खडबडीत रस्त्यावरून दामटायची, मी दगडाला घासलो तरी खाली वाकून बघायचं नाही. नवी गाडी आल्यावर त्यांनी आम्हाला एका शिंपीबाबांना विकलं. बाबा गाडी चालवायचे शिलाई मशीन चालवल्यासारखी, हलक्या पायाने. माझे सुखाचे दिवस आले. पण वय कुणाला चुकलंय? पुढच्या पाइपाला मी जिथे जोडलेला आहे, तिथे गंज धरला, पत्रा फुटला, आणि माझा आवाज बाहेर पडला. फट् फट् फट्!

तोही नेमका कधी, तर सूनबाईच्या परीक्षेच्या तोंडावर.

सूनबाई नर्स. घरोघर जाऊन आजारी माणसांची मलमपट्टी करायची नोकरी तिला लागली होती, पण अट एकच, गाडी चालवायचा परवाना हवा. परवान्याच्या परीक्षेला गाडी आपली आपण न्यायची, आणि फटफट करणारी गाडी तिथले साहेब फाटकातूनच परत पाठवायचे. परीक्षा परवावर आली होती. ती हुकली की नोकरी दुसरीला.

गॅरेजवाल्याने खाली डोकावून सांगितलं, "काका, हा संपला. सगळंच नवीन टाका." आणि आकडा सांगितला. बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि गाडी घरी घेऊन आले. वाटेत सगळ्या काचा उघड्या, कारण माझा धूर फटींतून आत शिरत होता. मागे बसलेल्या सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अहो, सुनेला नोकरीला लावताय की मला वर पाठवताय?"

घरी इंजिन निवल्यावर बाबांनी चाकं चढवून गाडी जाड ओंडक्यांवर घेतली आणि चटईवर उताणे सरकून खाली आले. मी आनंदलो. आता सापडेल माझं दुखणं! पण बाबांना काय दिसलं? बुडाचं भोक. त्यातून पाणी ठिपकत होतं.

"सापडलं!" बाबा ओरडले. "इथे गळतोय लेकाचा!"

आयुष्यभर ज्याने कापडाचं भोक दिसलं की बुजवलं, त्याचा हात थांबतो होय? सायलेन्सरला लावायचा लेप त्यांनी आणलाच होता. थापला. वरून बोटाने गुळगुळीतही केला. मी ओरडत होतो, अहो ते नको, पुढे बघा, पुढे! पण इंजिन बंद असलं की माझा आवाज कुठून फुटणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली. फटफट होतीच, वर माझ्या पोटात पाणी साचून गुडगुड.

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या, "आता हुक्का पण ओढायला लागला!"

बाबांचा चेहरा पडला. सूनबाई मात्र हसली, मग विचारात पडली. शेजारी नवी कोरी गाडी उभी होती. शेजाऱ्यांना विचारून ती तिच्या खाली वाकली आणि किंचाळलीच, "बाबा, लवकर या! ह्यांच्या नव्या गाडीलाही तसंच भोक आहे! पाणी जायला असणार ते. आणि आपला आवाज पुढून येतोय, माझ्या सीटच्या खालून!"

मग काय सांगू काय धावपळ! सूनबाईने मागच्या नळीला ओलं फडकं धरलं, बाबांनी पुढच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं. इंजिनाचा धूर मागून जाईना, तो पुढे आला आणि जोडावर फसाफस फुगे!

"हा बघ चोर!" बाबा म्हणाले.

इंजिन निवेपर्यंत त्यांनी दम धरला. मग तारेच्या ब्रशने गंज खरवडला. गुदगुल्या झाल्या मला! कागद गुंडाळून माझं माप घेतलं, आणि ते स्टीलच्या डब्यावर ठेवून पत्रा बेतला.

"माझाच डबा मिळाला का?" सासूबाई कडाडल्या.

"तुझ्या डब्यासारखा टिकाऊ पत्रा बाजारात आहे का?"

"गोड बोलून डबा नेला मेला," असं पुटपुटत त्यांनीच कात्री आणून दिली.

लेप, त्यावर पत्रा, त्यावर दोन पट्ट्या आवळून. अंगरखा बसावा तसं ठिगळ बसलं. शेवटी बाबांनी दाभण घेऊन बुडाचं भोक मोकळं केलं. भळभळ पाणी वाहिलं. अहाहा! मग लेप पक्का व्हावा म्हणून अंगणात इंजिन मंद चालू ठेवलं. तिघंही कान देऊन उभी. फटफट नाही, गुडगुड नाही.

परीक्षेच्या सकाळी फाटकातून आम्ही आत गेलो. सूनबाई स्टिअरिंगपाशी बसली होती. साहेब शेजारी येऊन बसले, पट्टा लावला, थोडा वेळ वाट बघितली आणि वैतागून म्हणाले, "बाई, गाडी सुरू करा की!"

सूनबाई म्हणाली, "सुरूच आहे, साहेब."

साहेबांनी कान पुढे केला. "मग थांबलात कशाला? चला!"

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मला फटफट करून नाचावंसं वाटलं. पण नाही केलं. तिची नोकरी माझ्या पोटात होती.

परवाना मिळाला. आता सूनबाईबरोबर मी रोज आजाऱ्यांच्या दारात जातो. तुमच्या घरीही जुनी गाडी असेल आणि तिचा आवाज वाढला असेल, तर मला टाकून द्यायच्या आधी एकदा नीट खाली वाकून बघा. आणि एखादी जुनी गाडी तुमच्या शेजारून गेली नि तुमचं लक्षसुद्धा गेलं नाही, तर समजा, मी खुशाल आहे.